जुन्या चलानाचे पैसे कोणत्या खिडकीत भरायचे

एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रातून सिमेंट आणि विटांच्या कारखान्यांकडे राख नेणारा बल्करचालक आणि त्याच केंद्रात कंत्राटी कामासाठी नाशिकरोडहून दुचाकीवर येणारा फिटर, या दोघांच्या मोबाइलवर ई-चलानाचा संदेश येतो तो सारखाच. गाडीचा क्रमांक, जागा, वेळ, कलम, रक्कम आणि खाली फोटोची लिंक. दोघेही तो वाचतात आणि पगार झाल्यावर बघू म्हणून सोडून देतात. दोन-तीन वर्षांत अशी सात-आठ चलाने साचतात. मग गाडी विकायची वेळ येते, मुलाचा पासपोर्ट काढायचा असतो किंवा घरी बीट हवालदार समन्स घेऊन येतो, आणि एकदाचे सगळे भरून मोकळे व्हावे असे वाटू लागते. हे वाटणे योग्यच आहे. जुनी चलाने भरावीत, आणि लवकर भरावीत, याच मताचा हा लेख आहे. पण पैसे भरले की विषय संपला हा समज अर्धाच खरा आहे. पैसे कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या खिडकीत भरले, तिथे आपण नेमके काय मान्य केले, यावर पुढच्या वर्षांचे बरेच काही ठरते. रक्कम पाचशे असो की पाच हजार, ती एकदाच जाते. नोंद मात्र राहते, आणि प्रत्येक खिडकीची नोंद वेगळी असते.

पहिली खिडकी पोलिसांची. रस्त्यावरच्या मशीनवर, ॲपवर किंवा वाहतूक शाखेत आपण चलान भरतो तेव्हा कायद्याच्या भाषेत ती तडजोड असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० ने राज्य सरकारला ठरावीक गुन्ह्यांसाठी तडजोडीची रक्कम ठरवण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्राने हे दर डिसेंबर २०२१ मध्ये वाढवले. तडजोड झाली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे खटला चालत नाही. न्यायाधीशासमोर उभे राहावे लागत नाही, दोषी ठरवल्याचा आदेश निघत नाही. नागरिकाच्या दृष्टीने हा सर्वांत हलका मार्ग आहे, आणि तो खुला असेपर्यंतच भरावे असे मी म्हणतो ते यासाठीच. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने याच कलमाला एक परंतुक जोडले. त्यानुसार तडजोड झाली तरी तो गुन्हा पूर्वी घडलेला गुन्हा म्हणून धरला जातो आणि पुढच्या वेळी तोच गुन्हा घडला तर तो दुसरा मोजला जातो. आधी पावती फाडली की पाटी कोरी होत असे. आता पावती हाच पहिल्या गुन्ह्याचा पुरावा आहे. हा बदल फार थोड्यांच्या लक्षात आला आहे, आणि जुन्या चलानांबाबतची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

याचा हिशेब किरकोळ वाटणाऱ्या कलमांपासून सुरू होतो. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतर १,५०० रुपये. विमा नसेल तर कलम १९६ खाली पहिल्यांदा २,००० आणि पुढे ४,०००. पैशांपुरते हे सोसता येते. परवान्याचे गणित मात्र कडक आहे. वेगमर्यादा मोडणे, धोकादायक चालवणे, तिघे बसवणे, हेल्मेट न घालणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा गुन्ह्यांत पोलीस अधिकाऱ्याने परवाना जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचा, असे कलम २०६ चे चौथे उपकलम सांगते. तडजोड झाली तरी ही कारवाई टळत नाही, हेही कलम २०० मध्येच लिहिलेले आहे. पुढे कलम १९ खाली त्या अधिकाऱ्याला चालकाचे म्हणणे ऐकून पहिल्या वेळी ३ महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवता येतो आणि दुसऱ्या वेळी तो रद्दच करता येतो. फिटरचा परवाना ३ महिने गेला तर तो मित्राच्या मागे बसून कामाला येईल. बल्करचालकाचा गेला तर त्या घरातली कमाईच थांबते. प्रत्येक चलानामागे परवाना जातोच असे नाही. प्रत्यक्षात हा अधिकार क्वचित वापरला जातो. पण जो अधिकार कायद्यात आहे आणि ज्याची मोजणी संगणकावर साठते आहे, तो कधीच वापरला जाणार नाही या भरवशावर पोटापाण्याचा धंदा ठेवू नये.

इथे मालक आणि चालक यांचा प्रश्न येतो. कॅमेरा गाडी ओळखतो, माणूस नाही. चलान नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते. वडिलांच्या नावावरची मोटारसायकल मुलगा चालवतो, ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावावरचा बल्कर पगारी चालक चालवतो. मालकाने मुकाट्याने पैसे भरले तर गुन्हा आपल्याच नावावर घेतल्यासारखे होते. कलम १३३ प्रमाणे मालकाने चालकाची माहिती द्यायची असते. ती योग्य वेळी दिली तर मोजणी योग्य माणसाच्या खात्यावर जाते. उलट बाजूने, काही ट्रान्सपोर्टवाले चलानाची रक्कम चालकाच्या पगारातून कापतात, मग ते ओव्हरलोडचे का असेना. ओव्हरलोडसाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. गाडीत माल किती भरायचा हे चालक ठरवत नसतो. हा दंड त्याच्या पगारातून जाणे सरळ अन्याय आहे, आणि चालकाने निदान पावती कोणत्या नावाने फाटली एवढे तरी विचारून घ्यावे. जुनी गाडी विकून हस्तांतरण न करणाऱ्यांची गतही अशीच होते. नोंदणी बदलली नाही तोवर चलाने जुन्या मालकाला येत राहतात. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीसुद्धा नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले आहे.

दुसरी खिडकी न्यायालयाची, आणि इथे फरक मोठा पडतो. चलान न भरल्यास पोलीस ते न्यायालयात दाखल करू शकतात. मग त्याला समरी केसचा, म्हणजे एससीसीचा, क्रमांक मिळतो आणि समन्स निघते. आता पैसे भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. दंडाधिकारी कबुली नोंदवतात, दंड ठोठावतात, आपण तो नाझरकडे भरतो आणि पावती घेऊन घरी येतो. रक्कम कदाचित पोलिसांच्या पावतीइतकीच असेल, पण कागदावर आता दोषसिद्धी आहे. ऑनलाइन आभासी न्यायालयातही हेच घडते. महाराष्ट्रात अशा न्यायालयाची सुरुवात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथून झाली. तिथे पडद्यावर दिसणारा दंड भरण्याचे बटण दाबणे म्हणजे कबुली देणे, हे बटण दाबताना अनेकांच्या ध्यानात येत नाही. लोकअदालतीच्या दिवशी तर गोंधळ जास्तच होतो. एकाच इमारतीत एका पॅनेलसमोर तडजोडीने प्रकरणे मिटतात आणि शेजारच्या कोर्टात गुन्हा कबुलीची विशेष मोहीम चाललेली असते. रांगेतल्या माणसाला दोन्ही ‘लोकअदालत’च वाटतात. पहिल्या ठिकाणी मिटले तर ती तडजोड, दुसऱ्या ठिकाणी मिटले तर शिक्षा. दारू पिऊन गाडी चालवण्याचे कलम १८५ तडजोडीत बसतच नाही, त्यामुळे ते लोकअदालतीत मिटवतो असे कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे.

किरकोळ दंडाच्या शिक्षेने आयुष्य बिघडत नाही, हा आक्षेप इथे येणारच, आणि तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. हेल्मेटच्या दंडामुळे कोणाची नोकरी गेल्याचे सहसा ऐकू येत नाही. पासपोर्ट कायदा, १९६७ मधील दोषसिद्धीची अट नैतिक अधःपतनाच्या आणि किमान २ वर्षे कैदेच्या शिक्षेची आहे, वाहतूक दंडाला ती लागू होत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम २०८ तर उलट दिलासा देते. समन्समध्ये तशी मुभा असेल आणि आरोपीने टपालाने कबुली देऊन सांगितलेली रक्कम पाठवली, तर त्या कबुलीच्या कारणावरून त्याचा परवाना अपात्र ठरवता येत नाही. धोका आहे तो लपवण्यात. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात केवळ कैदेबद्दल विचारलेले नसते. अटक, खटला, न्यायालयाने केलेला दंड, सगळे विचारलेले असते. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा दोन वर्षांपूर्वी कोर्टात भरलेले ४०० रुपये विसरतो आणि ‘नाही’ लिहितो. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गुन्हा किरकोळ असेल तर नेमणूक करणाऱ्याने माहिती दडवल्याकडे काणाडोळा करता येतो. मात्र खरी माहिती देणे हे उमेदवाराचे कर्तव्यच आहे. म्हणजे निर्णय साहेबाच्या हाती जातो. खरे लिहिले असते तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. म्हणून कोर्टात दंड भरलेल्याने आदेशाची प्रमाणित प्रत काढून घरात जपून ठेवावी. प्रतीला लागणारे पैसे पुढच्या त्रासाच्या मानाने काहीच नाहीत.

वॉरंटची गोष्ट याहून गंभीर आहे. समन्स बजावूनही तारखेला कोणी हजर झाले नाही तर आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट निघते. लोक त्याला पकड वॉरंट म्हणतात. न्यायालयाचे वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा ते काढणाऱ्या न्यायालयानेच रद्द करेपर्यंत अमलात राहते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ७० हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ७२ हेच सांगते. त्याला मुदत नाही. पाच वर्षे कोणी दारात आले नाही म्हणजे वॉरंट मेले असे होत नाही. पासपोर्टच्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे. फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असणे किंवा हजर राहण्याचे समन्स, अटकेचे वॉरंट निघालेले असणे ही पासपोर्ट नाकारण्याची कारणे पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ मध्ये आहेत, आणि अर्जात ती विचारलेली असतात. खटला प्रलंबित असेल तर १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाची परवानगी आणून पासपोर्ट मिळू शकतो, पण त्यासाठी वकील, अर्ज, तारीख. कोर्टात पोहोचलेच नाही असे चलान यात मोडत नाही. तेव्हा दोन प्रकारची माणसे आहेत. ज्याची चलाने अजून पोलिसांकडेच आहेत, त्याची अडचण पैशांची आहे. ज्याचे वॉरंट निघाले आहे, त्याची अडचण ॲपवर पैसे भरून सुटत नाही. त्याला कोर्टातच हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा लागतो. स्वतःहून आलेल्या माणसाकडे न्यायालय आणि पकडून आणलेल्या माणसाकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही, हे कोर्टाच्या आवारात कोणताही वकील सांगेल.

सर्वांत मुरलेला आक्षेप मुदतीचा. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने ६ महिन्यांनंतर घ्यायची नाही, १ वर्षापर्यंत कैद असलेल्याची १ वर्षानंतर नाही. मग जुने चलान आपोआप बाद झाले, भरायचे कशाला? कायदा असा आहे हे खरे, आणि जिथे मुदत खरोखर उलटून गेली आहे तिथे तो मुद्दा न्यायालयात जरूर मांडावा. भरणे हेच नेहमी शहाणपणाचे असे मी म्हणत नाही. पण या आधारावर वाट पाहणाऱ्याने तीन गोष्टी बघाव्यात. मुदत मोजायची ती तक्रार न्यायालयात दाखल झाली त्या दिवसापर्यंत, समन्स हाती पडले त्या दिवसापर्यंत नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात ठरवले आहे. आपल्या चलानावर पाचव्या महिन्यात तक्रार दाखल झाली असेल आणि समन्स चौथ्या वर्षी आले असेल, तर मुदतीचा मुद्दा संपला. शिवाय पुरेसे कारण असेल तर न्यायालयाला उशीर माफ करता येतो. आणि मुदत उलटली तरी संगणकावरची थकबाकी स्वतःहून पुसली जात नाही. गाडी विकताना, ना हरकत दाखला काढताना ती समोर येते आणि तेव्हा भांडायला वेळ नसतो, कारण गिऱ्हाईक थांबलेले असते.

सवलतीची वाट पाहणारेही पुष्कळ आहेत. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींच्या जुन्या चलानांवर ७५ टक्के सूट दिली, कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के दिली. त्या बातम्या महाराष्ट्रात फिरल्या, आणि आता प्रत्येक लोकअदालतीआधी इथेही निम्म्या रकमेचे निरोप व्हॉट्सॲपवर येतात. सूट मिळाली तर घ्यावी. मात्र तिने रक्कम कमी होते, मोजणी नाही. तडजोडीत २५० भरले काय आणि ५०० भरले काय, पुढचा गुन्हा दुसराच धरला जातो. आणि वाट पाहता पाहता चलान कोर्टात गेले तर पोलिसांच्या खिडकीतली सूट उपयोगाची राहत नाही. माझ्या मते अशा सरसकट सवलतींनी एक वाईट सवय लावली आहे. वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो आणि थांबणारा शहाणा.

मग ज्याचे चलानच चुकीचे आहे त्याने काय करायचे? त्याने भरू नये. क्रमांकाची चुकीची नोंद, बनावट पाटी लावलेली दुसरी गाडी, जिथे गाडी गेलीच नाही तिथला फोटो, हे प्रकार घडतात आणि त्यासाठी महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे. वेगाच्या आणि धोकादायक चालवण्याच्या गुन्ह्यात तर कलम २०९ मजबूत आधार देते. जागेवरच खटल्याची ताकीद, १४ दिवसांत नोटीस किंवा २८ दिवसांत समन्स, यांपैकी काहीच झाले नसेल तर सहसा दोषी ठरवता येत नाही. अपवाद आहेत, उदाहरणार्थ पत्ताच सापडला नाही तर. पण फोटो आणि तारखा ताज्या असतानाच हा लढा देता येतो. तीन वर्षांनी एकगठ्ठा आठ चलाने बघताना त्यातले कोणते खरे आणि कोणते खोटे हे कोणालाच आठवत नाही. लोकअदालतीत तर मिटल्यावर अपीलही नाही, तिथला निवाडा अंतिम असतो. खोट्या चलानाला सगळ्यांत वाईट उत्तर म्हणजे कटकट नको म्हणून भरून टाकणे. त्याने नसलेला पहिला गुन्हा आपल्या नावावर चढतो.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरते उत्तर नाही, आणि तो आहे गरिबीचा. रोजंदारीवरच्या माणसाला ५०० रुपये म्हणजे दिवसाची मजुरी. त्याने चलान टाळले ते बेफिकिरीने नव्हे. लहान दंडाचे मोठ्या संकटात रूपांतर कसे होते याचा सर्वांत स्पष्ट दाखला अमेरिकेतील फर्ग्युसन शहराचा आहे. मार्च २०१५ च्या तिथल्या न्याय खात्याच्या अहवालानुसार सुमारे २१,००० वस्तीच्या त्या गावाच्या न्यायालयाची १६,००० हून अधिक माणसांवर अटक वॉरंटे होती. त्या अहवालातली एक बाई २००७ मध्ये चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल १५१ डॉलर आणि शुल्क देणे लागत होती. तारखा चुकल्या म्हणून नवे गुन्हे लागत गेले. तिने ६ दिवस कोठडी भोगली, ५५० डॉलर भरले आणि २०१४ अखेर तिच्याकडे ५४१ डॉलर बाकीच होते. आपल्याकडे तारीख चुकली म्हणून रक्कम अशी फुगत नाही, हे आपले सुदैव. पण दंड, समन्स, वॉरंट या पायऱ्या त्याच आहेत. नाशिकने एकदा वेगळी वाट धरली होती. २०२१ मध्ये पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांच्या काळात १५ ऑगस्टपासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असा नियम झाला, आणि त्यानंतर विनाहेल्मेट सापडलेल्यांना नाशिक फर्स्ट संस्थेच्या ट्रॅफिक एज्युकेशन पार्कमध्ये दोन तास समुपदेशनाला बसवले गेले. पेट्रोलबंदीवर वाद झाले आणि ते रास्तही होते. पण दोन तास सगळ्यांचे सारखेच जातात, आणि ते दिले की कोर्टात काही उरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीतच प्रशिक्षण आणि समाजसेवा यांचा उल्लेख आहे. ज्याची पहिलीच चूक आहे आणि ज्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी हा पर्याय कायमचा असायला हवा.

तोवर ज्याने साचलेले सगळे भरायचे ठरवले आहे, त्याने आधी कोणते चलान पोलिसांकडे आहे आणि कोणते न्यायालयात गेले आहे हे वेगळे करावे. पहिला ढीग तडजोडीत भरावा, खोटी चलाने बाजूला काढून त्यांवर तक्रार करावी. दुसऱ्यासाठी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोधून एससीसीचा क्रमांक काढावा आणि कोर्टातच जावे. वॉरंट रद्द झाल्याचा आदेश मिळाला की तो संबंधित पोलीस ठाण्यात पोहोचला का याची खात्री करून घ्यावी, कारण आदेश कोर्टाच्या फायलीत आणि वॉरंट ठाण्याच्या रजिस्टरमध्ये असे वर्षभरही राहू शकते. आणि सरकारने एक साधी गोष्ट करावी. पैसे भरण्याच्या पडद्यावर बटणाच्या वर मराठीत दोन वाक्ये छापावीत: ही तडजोड आहे की गुन्ह्याची कबुली, आणि हा गुन्हा पुढच्या वेळी पहिला म्हणून मोजला जाईल की नाही. मग एकलहऱ्याच्या फाट्यावर उभा राहून मोबाइलवरून पैसे भरणाऱ्या चालकाला आपण काय मान्य करतो आहोत हे बटण दाबण्याआधीच कळेल.